न दाबलेला ब्रेक

नाशिकहून सुरगाण्याला जायचं तर दिंडोरी, वणी, बोरगाव असा सोपा रस्ता आहे. दिवाळी संपली की पंधरा-वीस दिवस तिकडे जाण्यासारखे असतात. भात कापून झालेलं असतं, डोंगर अजून पुरते वाळलेले नसतात, हवेत गवताचा वास असतो आणि वर्दळ कमी. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांनी जरूर जावं. काय खावं, कुठे थांबावं, हे मी पुढे सांगतोच. पण आधीच कबूल करतो, यंदा तिथे काढलेल्या तीन दिवसांत मी जे वागलो त्याची मला लाज वाटते. परत आल्यावर मी सोसायटीत फोटो दाखवत फिरत होतो. आमची मंगल दोन दिवस गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, डोंगर सगळ्यांना दाखवलेत. आता बाकीचंही सांगा." म्हणून हे लिहितोय.

पंचवटी

आम्ही पंचवटीत राहतो. सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, मशिनचं गार्ड काढू नका, हेच आयुष्यभर ओरडत आलो. निवृत्त झाल्यावर गाडी घेतली ती अशी, की जिला माझ्यापेक्षा जास्त ओरडता येतं. पट्टा लावला नाही की ओरडते, रस्त्यावरची पांढरी रेघ ओलांडली की ओरडते, पुढे माणूस किंवा वाहन जवळ आलं की आधी ओरडते आणि आपण ऐकलं नाही तर आपणहून ब्रेक मारते. पुढच्या गाडीशी अंतर राखून आपला आपण वेग कमी-जास्त करते. आपण फक्त स्टिअरिंग धरायचं.

या सगळ्याची कायद्याने सक्ती करायला हवी, असं माझं मत होतं आणि आहे. ते मी वाटेल त्याला ऐकवायचो. भाजीवाल्याला ऐकवलं, आमच्या गुरुजींना, म्हणजे सत्यनारायण सांगायला येतात त्यांना, ऐकवलं. ते बिचारे स्कूटरवरून येतात. तीर्थप्रसाद देता देता म्हणाले, "असेल हो साहेब, पण आमची स्कूटर मुकी आहे तीच बरी."

निघायच्या दिवशी सकाळी मंगलने बाजारातून बटाटे, कांदे आणि दोन नारळ घेतले आणि पिशवी मागच्या सीटवर ठेवली. गाडी लागली टिंगटिंग करायला. मागे माणूस बसलाय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, अशी तिची समजूत. शेवटी पिशवीला पट्टा लावला. मंगल हसून लोटपोट झाली. मी मात्र तिला सुनावलं, "हसू नकोस. बटाटे समजून माणसं मरतात त्यापेक्षा माणूस समजून बटाटे बांधलेले चांगले." आमच्या गल्लीतून हमरस्त्याला लागेपर्यंत रिक्षा, सायकली, एक गाय आणि तिच्यामागे हार घेऊन धावणारे यात्रेकरू, या सगळ्यांसाठी गाडी इतक्यांदा ओरडली की मंगलने कानात कापूस घातला.

वणीच्या पुढे

दिंडोरीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. वणीला चहा आणि गरम भजी खाल्ली. तिथे मिरच्या तळून त्यावर भरड मीठ टाकतात, तसं आपल्याकडे कोणी टाकत नाही. बोरगाव गेलं की रस्ता डोंगराच्या अंगावरून वळणं घेत उतरतो आणि मग दुतर्फा छोटी छोटी शेतं, उताराला धरून. भाताच्या पेंढ्या रचलेल्या. नागली अजून काही ठिकाणी उभी होती, काही ठिकाणी कापून रस्त्यावर वाळत घातलेली. नागली म्हणजे आपली नाचणी. डांबर तापतं, कणसं लवकर वाळतात, आणि वरून एखादी गाडी गेली तर निम्मी मळणीही होते. अर्धा रस्ता नागलीचा, अर्धा गाड्यांचा. कडेला दगड मांडून हद्द आखलेली. मी लगेच म्हणालो, "हे बघ, हा किती धोकादायक प्रकार आहे." मंगल म्हणाली, "रस्ता त्यांच्या दारातून गेलाय. तुमच्या दारातून गेला असता तर तुम्ही पापड घातले असतेत."

आम्ही चाललो होतो भास्कर गुरुजींकडे. त्यांचा मुलगा आमच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून होता, तेव्हापासूनची ओळख. आश्रमशाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, कोकणा या आदिवासी समाजाचे, अतिशय कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्या पाड्याच्या अलीकडे एका ओढ्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल आहे, कठडा नसलेली, जेमतेम एका गाडीपुरती, आणि एका कोपऱ्याने खचलेली. मी तिच्यावर गाडी घातली मात्र, चारी बाजूंनी कल्ला सुरू झाला. डावीकडे लाल, उजवीकडे लाल, पुढे लाल. पुढे जावं तर गाडी ओरडते, मागे जावं तर ओरडते.

तेवढ्यात समोरून माणसांनी भरलेली जीप आली. मला वाटलं आता हा हॉर्न वाजवून जीव खाणार. पण ड्रायव्हर खाली उतरला. तिशी-पस्तिशीचा, किडकिडीत, खाकी शर्ट. तो फरशीवर माझ्यासमोर येऊन उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "साहेब, गाडीकडं नका बघू. माझ्याकडं बघा. या. डावं घ्या जरा. या, या, या. बस." उलट्या पावलांनी चालत त्याने मला फरशीपार नेलं. मग जीप मागे घेऊन मला वाट दिली. जीपमधल्या बायका त्यालाच रागे भरत होत्या, "चिंतामण, बस ना आता, बाजार उठंल तिकडं!" मी काच खाली करून थँक्यू म्हणालो. त्याने नुसती मान हलवली.

गुरुजी म्हणाले, "चिंतामण ना? नऊ वर्षं चालवतोय. त्याच्या गाडीत बाया बसल्या की त्याच हॉर्न आणि त्याच ब्रेक. जरा वेग वाढला की सगळ्या मिळून शिव्या घालतात."

मी म्हणालो, "हे काय शास्त्रीय नव्हे गुरुजी." आणि त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना अर्धा तास गाडीतल्या रडारचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांच्या सूनबाईंनी उडदाचं वरण, नव्या तांदळाचा भात आणि खुरासणीची चटणी वाढली. खुरासणी म्हणजे काळे तीळ म्हणावेत असं तेलाचं बी. ती चटणी मी चार वेळा मागून घेतली.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच नदीकाठ बघायला गेलो. पाणी नितळ, खडकावर धुणं धुणाऱ्या बायका, पलीकडे गुजरातची हद्द सांगणारे डोंगर. तासभर बसलो. परत येताना पठारावर दीड-दोन किलोमीटरचा सरळ रस्ता लागतो. माझ्यातला प्रात्यक्षिकं देणारा माणूस तिथे जागा झाला.

"मंगल, बघ आता," म्हणालो. वेग चाळीसवर बांधून दिला. पाय उचलले. "बघ, मी काही करत नाही. गाडी चालतेय की नाही?"

"चालतेय. पाय खाली ठेवा."

"कशाला? गरजच नाही." आणि मी काय करावं? उजवा पाय दुमडून सीटवर घेतला आणि डाव्या मांडीखाली घातला. जेवायला बसतात तशी मांडी घातली म्हणा ना, एका पायाची. माझे गुडघे कुरकुरतात, तरी घातली. तिला दाखवायचं होतं.

मागून जीपचा हॉर्न वाजला. दोनदा वाजला. वाट मागत होता. मी आरशात पाहिलं, भरलेली जीप. बाजूला घ्यायला हवं होतं. पण मग वेग बदलला असता, प्रात्यक्षिक मोडलं असतं. मी म्हणालो, "असू दे थोडा वेळ मागे. घाई कसली आहे याला?"

पुढे अर्ध्या रस्त्यावर नागली पसरली होती आणि तिच्या पलीकडच्या टोकाला एक म्हातारी उकिडवी बसून कणसं हाताने उलटवत होती. ती मला दिसली होती. खोटं कशाला सांगू, दिसली होती. मी मंगलला सांगत होतो की स्क्रीनवर आता तिचं चित्र कसं दिसेल बघ. आणि म्हातारी उठली, कंबरेवर हात ठेवून सरळ झाली, आणि मागे न बघता रस्त्याच्या मधोमध आली.

गाडी किंचाळली. स्क्रीन लाल झाली. मी पाय शोधतोय, पाय मांडीखाली अडकलेला. आणि गाडीने आपणहून असा ब्रेक मारला की माझं कपाळ स्टिअरिंगपाशी गेलं आणि पट्टा छातीत रुतला. थांबली. म्हातारी आणि बॉनेट यांच्यात दोन हात अंतर राहिलं. पुढच्या क्षणी मागून दणका बसला. जीप धडकली होती. गाडी फूटभर पुढे सरकली. म्हातारी खाली बसली.

मंगल "आई गं!" म्हणत दार उघडून धावली ती म्हातारीकडे. मी पाय सोडवला, उतरलो आणि मागे गेलो. बंपर फुटला होता. जीपचा एक दिवा फुटला होता. स्टिअरिंगवर चिंतामण होता, कालचाच, तोंड पांढरंफटक.

मी पहिलं वाक्य काय बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. "डोळे फुटले का रे तुझे? अंतर ठेवायची अक्कल नाही?"

काल ज्याच्या हाताकडे बघत मी फरशी ओलांडली, त्याला.

रामदासचं अंगण

म्हातारीचं नाव जनाबाई. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं, फक्त धसका बसला होता. नागली तिची, शेत तिचं, घर दहा पावलांवर. आरडाओरडा ऐकून तिचा मुलगा रामदास धावत आला. आणि जीपही त्याचीच निघाली. चिंतामण त्याच्या गाडीवर ड्रायव्हर.

रामदासने आईला उचलून ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "काय झालं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला तिथेच खरं सांगता आलं असतं. 'गाडीने ब्रेक मारला, मी नाही,' एवढंच. पाच शब्द. पण लोक जमले होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "आजी एकदम मध्ये आल्या. मी करकचून ब्रेक मारला म्हणून वाचल्या. हा मात्र मागे अगदी चिकटून येत होता."

"मी हॉर्न दिला व्हता, साईड मागत व्हतो..." चिंतामण म्हणाला.

"गप बस!" रामदास त्याच्या अंगावर गेला. "साहेबांनी माझ्या आयला वाचवलं आन् तू मागनं ढकलून तिच्यावर गाडी घालत व्हता! चावी आण इकडं."

चिंतामणने चावी दिली. अंगणाच्या कडेला पिंपाजवळ जाऊन उभा राहिला.

मंगल जनाबाईंचे हात चोळत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

मग त्यांनी आम्हाला सोडलंच नाही. रामदासने मला खाटेवर बसवलं, टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. घरात चूल पेटली. नागलीच्या भाकरी, इतक्या पातळ आणि इतक्या मऊ की आपल्याकडे ज्वारीचीही तशी होत नाही, उडदाचं वरण, ठेचा आणि वर गावरान तूप. जनाबाई स्वतः भाकरी मोडून माझ्या ताटात टाकत होती. "खा बाबा, खा. माझा बाप हायस तू." आणि मी खाल्लं. तीन भाकरी खाल्ल्या. मंगल म्हणाली, तिला भूक नाही.

याहून वाईट पुढेच आहे. जेवण झाल्यावर पाचपंचवीस माणसं अंगणात बसली. कोणीतरी म्हणालं, साहेब कारखान्यात सुरक्षेचे साहेब होते म्हणे, दोन शब्द सांगा. आणि मी उठलो. टोपी घालून उठलो. दोन गाड्यांमध्ये किती अंतर असावं, लक्ष कसं रस्त्यावर असावं, नजर हटली की कसा घात होतो, पाय कायम ब्रेकजवळ कसा असावा. होय, हेही बोललो. एकतीस वर्षांची सवय. पाणी पिऊन, हातवारे करून बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिंतामण पिंपाजवळच उभा होता. तो ऐकत होता.

गाडीत बसल्यावर मंगल म्हणाली, "पट्टा लावा."

तिसरा दिवस

सकाळी गुरुजी चहा घेऊन आले. गूळ घातलेला, गवती चहाचा. कप हातात फिरवत म्हणाले, "चिंतामणची गाडी गेली म्हणे."

मी म्हणालो, "अं."

"इकडं एकाने काढला की दुसरा घेत नाही, साहेब. म्हातारीवर गाडी घालत होता, असं आता चार पाड्यांत झालंय. तो आता द्राक्षाला जाईल मजुरीला. तो गेला की बायकोही जाईल. पोरगी माझ्या जुन्या शाळेत चौथीला आहे. हुशार आहे. तीही जाईल मग त्यांच्याबरोबर." एवढंच बोलले. माझ्यावर त्यांचा संशय नव्हता, ते फक्त बातमी सांगत होते.

मंगल आत बसली होती. ती बाहेर आली. "अहो, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"काय?" गुरुजींनी विचारलं.

मी तिला आत बोलावलं, समजावायला लागलो. म्हटलं, आता त्याचा काय उपयोग, मी रामदासला सांगतो की माणूस चांगला आहे, परत ठेव. माझा शब्द तो मोडणार नाही. खरं सगळं सांगायची काय गरज आहे?

"तुमचा शब्द कशाच्या जोरावर मोडणार नाही?" ती म्हणाली. "ज्या ब्रेकवर तुमचा पाय नव्हता, त्याच्या?"

दहाच्या सुमाराला आम्ही रामदासच्या अंगणात उभे होतो, गुरुजीही होते. जनाबाई ऊन खात बसली होती. चिंतामणही आलेला होता, जीपचा फुटका दिवा काढून देत होता. नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत गाडी रामदास स्वतः चालवणार होता.

मी सुरुवात केली. "रामदास, कालच्या प्रकारात थोडी चूक माझीही होती..."

"कसली हो साहेब? तुमी व्हतात म्हनून आय हाय."

"म्हणजे, ती गाडी जरा... आधुनिक आहे. तिला आपोआप..."

"पाय कुठे होता ते सांगा," मंगल मागून म्हणाली.

मी सांगितलं. ब्रेक मी मारला नाही. गाडीने मारला. माझा पाय मांडीखाली होता. चिंतामणने दोनदा वाट मागितली आणि मी दिली नाही.

जनाबाई म्हणाली, "मांडी? गाडी चालवताना?"

"हो."

"कशी?"

"अशीच, पाय दुमडून."

"दावा बरं."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण ती उठून काठी टेकत गाडीजवळ आली होती. तिच्यामागे सगळा पाडा. मी दार उघडलं, बसलो आणि पाय वर घेतला. लवकर येईना. गुडघा कट्ट वाजला. हाताने धरून ओढला आणि मांडीखाली घातला. जनाबाई हसायला लागली तशी पोरं हसली, बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी सगळ्यांसमोर गाडीत मांडी घालून बसलो होतो आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. खरं सांगतो, त्या हसण्याचं मला बरंच वाटलं. वाटलं, चला, फिटलं.

"म्हंजी गाडीनंच वाचवलं मला," जनाबाई डोळे पुसत म्हणाली. "गुनाची हाय." तिने बॉनेटवर हात फिरवला आणि परत उन्हात जाऊन बसली.

रामदास हसला नव्हता. त्याने खिशातून चावी काढली आणि चिंतामणला दिली. मला म्हणाला, "तुमच्या गाडीत एवढं समदं हाय, तरी तुमी खोटं बोललात." मी हो म्हणालो. अशा गाड्या सगळ्यांना असाव्यात हे माझं मत अजूनही आहे. जनाबाई जिवंत आहे ते त्यामुळेच, हे कोणी नाकारू शकत नाही. पण टॉवेल, टोपी, नारळ मी ओट्यावर ठेवलं. त्याने घ्या म्हटलं नाही.

चिंतामण जीपमध्ये बसला होता. सुरगाण्याची माणसं गोळा होत होती. मी त्याच्या दाराशी गेलो. हात जोडले. म्हटलं, "चिंतामणराव, माफ करा."

"बरं झालं खरं बोललात," तो म्हणाला. नजर पुढे रस्त्यावर. "तुमचे मागचे दिवे लागले ना, तवा मी ब्रेकवर उभा राहिलो, साहेब. दोन्ही पायांनी. भरली गाडी, किती थांबंल?"

"माझीच चूक."

"ते झालं. पन एक इचारू का?"

"विचारा."

"धडक बसली तवा तुमी उतरून मागं आलात. बंपर बघितला. मग मला शिवी घातली. माझ्या गाडीत चौदा मानसं व्हती. बाया, लेकरं. त्यातल्या एकाला तरी इचारलं का, लागलं का म्हनून?"

मी मंगलकडे पाहिलं. मला वाटलं तिने विचारलं असेल. ती नेहमी विचारते. ती खाली बघत होती. "मी आजींकडे धावले," ती म्हणाली. "मीही नाही विचारलं."

मी आदल्या दिवसाचं सगळं डोळ्यांसमोर आणून पाहिलं. फुटलेला बंपर आठवला, त्यावरची चीर कुठून कुठवर गेली होती ते आठवलं, दिव्याच्या काचा आठवल्या. जीपमधला एकही चेहरा आठवला नाही. ती माणसं कधी उतरली, कुठे गेली, मला सांगता येईना. मी तेव्हा भाकरी खात होतो.

"कोणाला लागलं होतं?" मी विचारलं.

"मला तरी कुठं सांगितलं त्यांनी? आपली बोचकी उचलली आन् चालत गेली सुरगान्याला. सहा किलोमीटर. तिथनं कामाची गाडी व्हती, ती चुकली असती ना. एक बाई पदर तोंडाला दाबून चालली व्हती. तिला मी हाक मारली, ती थांबली नाय."

"कुठे भेटतील ती?"

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "कुठं म्हंजी? द्राक्षाला गेली. तुमच्याच तिकडं, दिंडोरीला."

जीप भरली. मागच्या बायका ओरडल्या, "चल रे चिंतामण!" तो गेला.

आम्ही दुपारी निघालो. गाडीने वाटेत काय काय सांगितलं, मी ऐकत गेलो, वेग कुठेही बांधला नाही. दिंडोरीच्या अलीकडे दोन्ही बाजूंच्या बागांमध्ये माणसं कामाला लागलेली होती. मी गाडी कडेला घेतली. मंगलही उतरली. आम्ही पहिल्या बागेच्या बांधावर उभे राहिलो, मग दुसऱ्या. तिथला मुकादम विचारायला आला, कोण हवंय. मी म्हणालो, सुरगाण्याकडच्या बायका. तो म्हणाला, सगळ्या तिकडच्याच आहेत की. मंडपाखाली ओळीने त्या उभ्या होत्या, हात वर करून घडांशी काम करत. ऊन आणि फवारणी चुकवायला प्रत्येकीने पदर तोंडावरून घट्ट बांधून घेतला होता.